पहिला तांब्या

शेणव्याकडच्या पाड्यांवर कमळूला कोण ओळखत नाही? पंचवीस वर्षं तो हापसे दुरुस्त करतोय. त्याची एक रीत होती. हापसा चालू झाला की पहिला तांब्या आपण प्यायचा, मगच बायांनी हंडे लावायचे. "मीच प्यायलो नाय, तर तुमी कशा पिणार?" म्हणायचा आणि तांब्या घटाघटा रिकामा करायचा.

अशा माणसाला आश्रमशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "कमळूदादा, शाळेच्या हापशाला यंदापासून लेखी सेवा करार लागतो. सोमवारपर्यंत आणा, नाहीतर काम कल्याणच्या कंपनीला जाईल." आता बोला! हापशाचा नुसता आवाज ऐकून वायसर गेलंय की साखळी ढिली झाली ते जो सांगतो, त्याने कागद आणायचा! पण त्याच हापशाचं पाणी पिऊन त्याची लेक नेहा बारावी झाली होती. तो हापसा दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचा जीव होईना.

नेहाने मोबाइलवर नमुने शोधले. पहिला सापडला कॉम्प्युटरवाल्यांचा. सेवा नव्याण्णव टक्के चालू राहील, असं त्यात होतं.

"आन् उरलेला एक टक्का?"

"वर्षातले साडेतीन दिवस बंद, बाबा."

"साडेतीन दिवस पोरी काय पिणार? खोड ते!"

"मग शंभर लिहू?"

"खोटं नको गो. हापसा हाय, बिघडणारच. बिघडला का त्याच दिवशी येईन, असं लिही."

शेवटी लिफ्ट दुरुस्तीचा एक नमुना बरा निघाला. काम कोणतं, किती वेळात येणार, असे रकाने होते. 'काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं' या रकान्यात कमळूने पहिला तांब्या घालायला लावला. नेहा हसली, पण तिने लिहिलं. शेवटचा रकाना होता, 'ठरलेला माणूस आला नाही तर कोण येईल?' कमळूचा हात गुडघ्याकडे गेला. गुडघा असा धरला होता की पाड्याची चढण चढताना दोनदा बसावं लागायचं. "ते रिकामंच ठेव," तो हळूच म्हणाला.

सोमवारी बाईंनी कागद वाचला आणि शेवटी थांबल्या. "दुसरं नाव नेहाचं का?"

"अगो, मला विचारायचं तरी!" कमळू चमकून शेजारी उभ्या नेहाला म्हणाला.

"विचारलं असतं तर तुमी नाय म्हणाला असता."

लहानपणापासून ती त्याला हत्यारांच्या पिशवीतून पाने काढून देत होती, हे खरं. पण हापसा उघडू त्याने तिला कधी दिला नव्हता.

"सकाळपासून हापसा खडखडतोय," बाई म्हणाल्या. "जमतं का बघू दे तिला."

नेहाने दोनदा दांडा मारून पाहिला. "साखळी," ती म्हणाली. खरंच साखळीच होती. कमळूने हात मागे बांधून धरले, नाहीतर ते मध्ये शिरलेच असते. तिने नट आवळले, वंगण घातलं, झाकण बसवलं. पाण्याची जाड धार लागली.

एका पोरीने तांब्या भरून नेहमीसारखा कमळूपुढे धरला. त्याचा हात पुढे गेला आणि थांबला.

"तिला दे बाय," तो म्हणाला. "काम तिचं हाय."

नेहाने तांब्या रिकामा केला. बाईंनी तिथेच ओट्यावर कागद टेकवून सही केली. दुसरा तांब्या मात्र कमळूने मागून घेतला. त्याला तोंड धुवायचं होतं.