पोरीनं माती खाल्ली
माठातलं पाणी ओठांना लागलं की त्या मातीच्या वासासरशी मला रिसालीतला काकांचा प्लॉट आठवतो. मी इंजिनियरिंग सोडून पुरातत्त्व घेतलं, तेव्हा स्टील प्लांटमध्ये अफसर असलेले काका भर पंगतीत म्हणाले होते, "पोरीनं माती खाल्ली!" सगळे हसले, बाबाही. काही वर्षांनी त्या प्लॉटवर काकांच्या घराचा पाया खोदताना हाड निघालं, माणसाचं समजून मजूर घाबरून बसले आणि काकांनी मलाच बोलावलं. मी हाड जिभेला लावून पाहिलं. ते चिकटलं, म्हणजे चांगलंच जुनं. "सांग ना यायले, जनावराचं हाय म्हणून," काका काकुळतीला आले. मी म्हटलं, "मले काय समजते, काका? मी तर माती खाल्ली." मजूर फावडी टाकून निघून गेले. हाड बैलाचं होतं, हे मी बघताक्षणीच ओळखलं होतं. प्लॉट अजून रिकामाच आहे, आणि माठातलं पाणी मला फार गोड लागतं.