दाराची जागा

आमचे दाजी फरशी बसवतात. कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी त्यांना जमीन दिसते. ताईशी लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "न्हाणीघराचा उतार उलटा दिलाय." खरंच उलटा होता. आणि तो बाबांनी स्वतः दिला होता.

तसा स्वभावाने गरीब माणूस. पण उंचसखल जागा दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटते. ही एक खोड सोडली तर त्यांच्यात खोट काढायला जागा नाही, आणि मी शोधलेली आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघं एकाच इमारतीच्या कामावर होतो, ते फरशीला आणि मी वायरिंगला. पार्किंगसाठी खणताना पोकलेनच्या दातांखाली मातीत काळसर गोल डाग दिसले. पुरातत्त्वाचे संशोधक आले, काम थांबलं. हे डाग म्हणजे कुजून गेलेल्या खांबांच्या जागा, लोखंड माहीत नव्हतं तेव्हाची झोपडी, असं त्यांच्या मुख्य बाईंनी सांगितलं. आम्ही सगळे हौसेने बघायला गेलो. जमिनीवर डागांचं एक वर्तुळ होतं, बस्स.

बाईंना माती हलक्या हाताने खरवडणारी माणसं हवी होती आणि दाजी रिकामे बसलेच होते. त्यांचा थापीवरचा हात बघून बाईंनी त्यांना झोपडीच्या आतली जमीन साफ करायला दिली.

बाईंना दार शोधायचं होतं. फार मिनतवारी केल्यावर बिल्डरने आणखी एकच पट्टा खणायला परवानगी दिली होती, वर्तुळाच्या या बाजूला किंवा त्या बाजूला. दार जिकडे, अंगण तिकडे, आणि चूल, हत्यारं, काय उरलं असेल ते अंगणात. बाकी सगळ्यावर काँक्रीट पडणार होतं.

"खांबांमध्ये कुठेच जास्त अंतर नाही," बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "पण जा-ये असते तिथे जमीन झिजते. खोलगट जागा कुठे लागली का हो, मिस्त्री?"

दाजींच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी शेजारीच पंपाची वायर ओढत होतो. मला वाटलं, ऊन लागलं.

मग आठवलं. जागा लागली होती, सकाळीच, माझ्यासमोर. दोन डागांच्या मध्ये जमीन ताटलीसारखी बसलेली होती. दाजींनी सवयीने भोवतालची कड खरवडून सगळं एका पातळीत आणलं होतं आणि वरून हात फिरवून खात्रीही करून घेतली होती.

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी डोळ्यांनी तसं खुणावलंही. पण मेहुण्याचं ऐकतील तर ते दाजी कसले!

"लागली होती, बाई," ते म्हणाले. "इथं. मी लेव्हल केली."

बाईंचा तोल सुटला. फोटो नाही, मोजमाप नाही, काय करून बसलात तुम्ही! त्या बरंच बोलल्या आणि दाजी मान खाली घालून ऐकत राहिले. मला राग आला. बाईंचा की दाजींचा, ते आजही सांगता येणार नाही. मग त्या शांत झाल्या आणि दाजींनी दाखवलेल्या बाजूलाच त्यांनी दोरी धरून पट्टा आखायला लावला. दुसरा काही आधारच उरला नव्हता.

आखणी झाल्यावर त्या दाजींजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "किती खोल होती?"

दाजींनी तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं.

"अनवाणी पायांनी एवढी झिजायची म्हणजे दोन-तीन पिढ्या तरी लागल्या असतील," बाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दाजी आपण सपाट केलेल्या जमिनीकडे बघत राहिले.

"मला चहाच्या सुट्टीपर्यंतचा वेळ लागला," ते म्हणाले.