टॉवेलची उलटी बाजू
कपाट उघडलं की कोऱ्या सोलापुरी टॉवेलचा खळीचा वास येतो आणि तो विणकर आठवतो. मागावरून उडालेल्या, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं टोक त्याच्या हृदयात घुसलं होतं. मी भोक शिवलं, तो वाचला. महिन्याभराने हा टॉवेल घेऊन आला. "सायेब, तुमी शिवलेलं काळीज ऐका की!" मी हसत स्टेथोस्कोप टेकवला आणि हादरलोच. ठोक्यागणिक खरखर. धोट्याने हृदयातला पडदाही फाडला होता आणि मी बाहेरचंच भोक शिवून निर्धास्त झालो होतो. सांगितलं तेव्हा त्याने टॉवेल उलटा करून दाखवला. "आमी दोनी बाजू बघितल्याबिगर माल देत न्हाय, सायेब." पुन्हा छाती उघडून पडदा शिवला, तो बरा झाला. या टॉवेलला हात पुसायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.