आत्याने नेलेली गोटी

सेमीसीच्या हत्यारांच्या पेटीत एक खाच रिकामी आहे. पान्याच्या टोकाला बसवायच्या, नटावर चढणाऱ्या पोकळ पोलादी गोट्या तिथे मापाने लावलेल्या आहेत आणि मधेच दात पडल्यासारखी जागा आहे. कुणी विचारलं की सेमीसी म्हणतो, "आत्याकडे आहे," आणि विषय बदलतो. आमच्या टोंगा बेटांवर एवढं उत्तर पुरतं. बापाची बहीण म्हणजे घराण्यात सर्वांच्या वर. तिने हात ठेवला की वस्तू तिची, आणि ती परत मागायची सोय नाही.

वाइओला नावाच्या या आत्याने आजवर त्याच्याकडून एक डुक्कर, रेडिओ आणि न्यूझीलंडहून आणलेलं ब्लँकेट नेलं. गोटी नेली ती जंगली बदाम फोडायला. गोटीच्या तोंडात बदाम उभा बसतो आणि वरून दगड मारला की गर अख्खा निघतो. आत्याचं डोकं आहे, हे मी नाकारत नाही. पण बदाम दगडावर ठेवूनही फुटतो की!

सेमीसी माझा शेजारी. तरुणपणी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला, तिथे मालकाचे ट्रॅक्टर दुरुस्त करत बसला आणि परत आला तो ही पेटी घेऊन. आता नीरफणसाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज आहे. अंगाने दरवाजाएवढा, पण बोटं शिंप्याची. काम करताना चर्चमधली गाणी गुणगुणतो आणि इतकी बेसूर, की आमच्या गायकमंडळाने त्याला फार मान देऊन व्हॅनची देखभाल सोपवली. देवाची करणी अशी, की त्याची मुलगी, कालोलाइने तिचं नाव, गायला लागली की माझ्यासारखा तिरसट माणूससुद्धा गप्प होतो.

त्या रविवारी कालोलाइने पहिल्यांदा एकटी गाणार होती, तेही बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कोलोवाईच्या मोठ्या चर्चमध्ये. सेमीसीने आठवडाभर सगळ्या गावाला सांगून भंडावलं होतं. आणि शनिवारी दुपारी बघतो तर व्हॅनचं पुढचं चाक बसलेलं.

स्टेपनी होती, जॅक होता. चार नट मुकाट्याने निघाले. पाचव्याच्या कडाच उरल्या नव्हत्या, सुपारीसारखा गोल झाला होता. हा पराक्रम आमचा ड्रायव्हर पौलियासी याचा. मागच्या वेळी चाक बदलताना नट घट्ट बसावा म्हणून हा गडी पान्यावर चक्क उभा राहिला होता. पौलियासीच्या वजनाबद्दल मी बोलत नाही, मलाही आरसा आहे. पण नंतर त्याने ढिल्या मापाचा पाना लावून तोच नट सोडवायचा प्रयत्न केला, आणि होत्या नव्हत्या त्या कडाही गेल्या.

सेमीसीने मोठी गोटी लावली, ती नुसतीच फिरली. त्याहून लहान लावली, ती चढेना. पक्कड घसरली. छिन्नी मारावी तर नट चाकाच्या खोबणीत आत, छिन्नी पोचेना. आता एकच उपाय होता: नेमक्या मापाची गोटी ठोकून त्या नटावर बसवायची. ते माप म्हणजे पेटीतली रिकामी खाच.

राजधानीतली दुकानं बंद झाली होती. उद्या रविवार, आणि रविवारी आमच्याकडे हातोड्याचा आवाज निघत नाही. गावातल्या दुसऱ्या चर्चची गाडी होती, पण त्यांच्या गाडीतून जाऊन गायचं म्हणजे नाक कापून घेणं. कालोलाइने पायरीवर बसून होती. गाण्याची वही तिने मिटून बाजूला ठेवली, त्याचंच सेमीसीला जास्त लागलं.

शेवटी त्याने हात धुतले, मोठ्यांपुढे जाताना मान म्हणून गुंडाळतात ती चटई कमरेला गुंडाळली आणि आत्याकडे निघाला. आधार म्हणून मला नेलं. आत्या बदामाच्या झाडाखाली बसली होती. समोर दगड, दगडावर ती गोटी. सेमीसी मांडी घालून खाली बसला. गोटीकडे बघायचं नाही म्हणून आभाळाकडे बघत राहिला.

"आत्या, उद्या कालोलाइने एकटी गाणार आहे."

"मला कुणी सांगितलं नाही," आत्या म्हणाली. "तरी ठाऊक आहे."

"व्हॅनचा एक नट निघत नाही."

"मग?"

"काही नाही. सांगायला आलो."

आत्याने एक बदाम फोडला, मला दिला. दुसरा फोडला, स्वतः खाल्ला. मग गोटी मुठीत घेतली, दगड सेमीसीच्या हातात दिला आणि उठली. माझी वस्तू जिथे जाईल तिथे मी जाईन, एवढंच म्हणाली.

गॅरेजमध्ये तिने गोटी कुणाला धरू दिली नाही. स्वतः नटावर टेकवली आणि आपल्याच दगडाने ठोकली. बदाम फोडून फोडून हात असा बसलेला, की गोटी कच्चकन रुतली. सेमीसीने पान्याला लांब नळी अडकवून हळूहळू जोर लावला. नट किंचाळला आणि सुटला. कालोलाइने धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. आत्याने नटासकट गोटी पिशवीत टाकली आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.

व्हॅनमध्ये एकही जागा रिकामी नव्हती. सकाळी आत्या पुढच्या सीटवर बसली आणि आमच्या गायकमंडळाचे मास्तर मागे माझ्या मांडीवर आले.

कालोलाइने कशी गायली ते मला सांगता यायचं नाही. कोलोवाईची माणसं कौतुकात कंजूष, तीही रडली. सेमीसी तर कमरेच्या चटईच्या टोकाने डोळे पुसत होता, आणि ती चटई भलती खरखरीत असते.

परतताना आत्या पुढूनच म्हणाली, "गोटी मागितली का नाहीस? दिली असती मी."

"तुमच्याकडे मागायचं कसं, आत्या?"

"तेच. माझ्याकडे कुणी काही मागत नाही, म्हणून कुणी येतही नाही. वस्तू नेली तर तिच्यामागे माणूस तरी येईल, असं वाटायचं मला."

डुक्कर, रेडिओ, ब्लँकेट, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मला माझीच लाज वाटली. सेमीसी पुढे वाकला.

"आत्या," तो म्हणाला, "माझा जॅक चांगला आहे. तोही न्या."

"मला पेलणार नाही तो," आत्या म्हणाली. "तूच घेऊन ये. आणि पोरीलाही आण."