टोपल्याची सूट

गाडी माझ्या वजनानं खाली बसत होती आणि मी तीन महिने त्याचा आळ बायकोवर घातला. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना लपवाछपवी करावीशी वाटणार नाही.

आम्ही पोंभुर्ण्याकडचे. गावच्या तलावात मी जाळं टाकतो आणि मासोळ्या बायको आसपासच्या आठवडी बाजारांत विकते. त्यासाठी मी बॅटरीवर चालणारी मोटारसायकल घेतली. आवाज नाही, धूर नाही, पण अंगानं म्हैस. पुढे मी, मागे बायको, मध्ये मासोळ्यांची पेटी, असं बसलं की प्रत्येक खड्ड्यात मागचं टायर मडगार्डला घासायचं. चंद्रपूरचा मिस्त्री म्हणाला, मागचे शॉकअप बदला, पण स्प्रिंग वजन पाहून निवडावी लागते. तुमचं, वहिनीचं आणि पेटीचं वजन सांगा.

बायको दवाखान्यात चोपन्न किलो भरली होती. पेटीतल्या मासोळ्या वीस किलो धरल्या. माझं वजन तेवढं राहिलं, म्हणून मी तलावावरच्या मासोळीच्या काट्यावर उभा राहिलो. तिथं काटा पाहणारे म्हातारबाबा जन्मभर मासोळ्याच मोजत आलेले. प्रत्येक वजनातून टोपल्याचे आणि पाण्याचे पाच किलो कापायचे, ही आमच्याकडची रीत. त्यांनी सवयीनं सांगितलं, “त्र्याण्णव. पाच गेले, अठ्ठ्याऐंशी.”

मी टोपल्यात नव्हतो आणि ओलाही नव्हतो. पण पाच किलो फुकट कमी होत असतील तर कोण तोंड उघडतं? घरी पोचेपर्यंत चपला, मोबाईल आणि सकाळचं जेवण मी आपल्या मनानं कापलं. मिस्त्रीला फोनवर सांगितलं, ऐंशी.

नव्या स्प्रिंगा बसल्या. पहिल्याच बाजाराला नाल्यावरच्या खड्ड्यात टायर खर्रकन घासलं. बाजारात गाडी लावता लावता मी बायकोला म्हणालो, “तुह्यानं बसते गाडी. भात कमी खात जा.”

“माह्यानं काऊन? चोपन्नच तं भरली मी!”

“सरकारी काटा तो. त्याचं काय खरं हाय?”

तिच्या शेजारी झिंगे विकणारी बाई खुदकन हसली. त्या संध्याकाळपासून बायकोच्या ताटात भात दिसेना. आमच्या धानाच्या मुलखात माणूस भात सोडतो तो तापात. “भूक नाई,” एवढंच म्हणायची. मला कारण कळत होतं, तरी मी गप्प राहिलो. उलट, आता गाडी उचलेल, असा विचार मनात आला. हे लिहिताना अजून लाज वाटते.

गाडी उचलली नाहीच. स्प्रिंगखाली खाचांची एक रिंग असते. पान्यानं ती एकेक खाच फिरवली की स्प्रिंग कडक होत जाते. मी दर आठवड्याला एक खाच फिरवत शेवटच्या खाचेवर पोचलो. आता गाडी लहान खड्ड्यात उडवायची आणि मोठ्यात घासायचीच. एकदा असा दणका बसला की पेटीचं झाकण उघडून जिवंत मरळ रस्त्यावर पडली. बायको उतरली, तिनं मरळ धरली, पेटीत टाकली आणि परत बसलीच नाही.

“हे गाडी हाय का गोऱ्हा? तुमच्या गाडीले माहा भार सोसत नाई ना? मंग मी काळी-पिवळीनं जातो.”

आणि ती खरंच जीपनं जाऊ लागली. पेटी मात्र मी तिच्या जागेवर बांधून न्यायचो. तरीही टायर घासलं. पहिल्यांदा वाटलं, सवय लागली असेल गाडीला. मग मागे वळून पाहिलं. दोष द्यायला तिथं कोणी नव्हतं. तसाच चंद्रपूरला गेलो.

मिस्त्रीनं मडगार्डवर खडूची रेघ मारली आणि तिथपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला. “बसा, भाऊ.” मी बसलो. त्यानं पुन्हा मोजलं आणि डोकं खाजवलं.

“तुमी एकल्यानंच अर्धी स्प्रिंग खाऊन राह्यले. वजन किती म्हणाले व्हते?”

“ऐंशी.”

त्यानं मला शेजारच्या धानाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. काटा त्र्याण्णववर थांबला.

“टोपल्याचे पाच कापा ना,” मी म्हणालो.

“टोपलं कुठी हाय?”

दुकानातले हमाल हसून बेजार झाले. मिस्त्रीनं विचारलं, “पेटीत बर्फ किती असते?”

“पंधराक किलो. पण बर्फ कोण वजनात धरते?”

“स्प्रिंग धरते, भाऊ.”

तीन महिने जादा भार ओढून जुन्या स्प्रिंगा इतक्या थकल्या होत्या की मला एकट्यालाही पेलेनात. त्यानं जाड स्प्रिंगा बसवल्या आणि रिंग मधल्या खाचेवर आणली. खालचा बारका स्क्रू फिरवत तो सीट दाबत राहिला. दाबल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबली पाहिजे, तलावातल्या डोंग्यासारखी डोलायला नको. शेवटी हात पुसत म्हणाला, “आता वहिनीले घेऊन या. मांगचं माणूस बसल्याबिगर आखरीचं माप होत नाई.”

म्हणजे आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

पुढच्या बाजारी मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती रोहू तोलत होती. झिंगेवाली शेजारीच होती.

“का जी, गाडी हलकी झाली का तुमची?” मान वर न करता बायकोनं विचारलं.

झिंगेवाली पुढचं ऐकायला सरसावून बसली. मी तिलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, “माहं वजन त्र्याण्णव हाय. गाडी माह्यानं बसत व्हती, तुह्यानं नाई. तू भात सोडला तं मले समजलं व्हतं, तरी मी बोललो नाई. चुकलं माहं. मले माफ कर, आन् आज पोटभर भात खा.”