गायन, वादन व सर्व काही

वरवंडच्या आमच्या मामांशी भांडण झालेलं नाही, असा वाजवणारा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तरी जन्माला आलेला नाही. मामा भीमगीतांच्या कॅसेटी काढायचे. पेटीवाला सूर सोडतो म्हणून त्याला हाकलला आणि पेटी स्वतः धरली. बेंजोवाला मध्येच तंबाखू मळतो म्हणून तोही गेला, मामा बेंजो शिकले. क्लॅरिनेटवाला मामांचा मेहुणा. त्याला हाकलल्यावर मामी रुसून माहेरी गेल्या, तर त्या परत येईपर्यंत हे क्लॅरिनेट शिकून मोकळे! लोक गुरूपाशी बसून शिकतात, मामा भांडून शिकले. शेवटी शेवटी कॅसेटच्या कव्हरवर एकच ओळ असायची, 'गायन, वादन व सर्व काही', आणि खाली काळ्या चष्म्यातले मामा. माझ्या लग्नात त्रिसरण-पंचशील चालू असताना हे मांडवाबाहेर बँडवाल्याचा ढोल आवळत होते.

पुढे कॅसेटी बंद पडल्या. लोक मामांना विसरले आणि त्याचं दुःख मामांशिवाय कोणालाच झालं नाही. अशात पुण्याची दोन दाढीवाली पोरं उगवली. त्यांना जुन्या बाजारात मामांची पहिली कॅसेट सापडली होती. आवाज साफ करून त्यांनी ती मोठ्या काळ्या रेकॉर्डवर पुन्हा काढली आणि वर छापलं, 'एका एकांड्या प्रतिभेचा शोध'. मामांना एकांड्या हा शब्द झोंबला, पण प्रतिभा आवडली. घरी वाजवायचं यंत्र नसल्यामुळे रेकॉर्ड त्यांनी भिंतीवर टांगली.

दौंडला सत्कार ठरला. पोरं म्हणाली, "सर, त्यातली ढोलकी ऐकून लोक वेडे झालेत. तेवढी समोर वाजवून दाखवा." मामांचा चेहरा उतरला. कारण नेमकी ती ढोलकी मामांची नव्हती. ती निमोण्याच्या आबांची. दोघं एका ताटात जेवणारे. पण आबा एकदा भर कार्यक्रमात म्हणाले, "लेका, ठेक्याच्या फुडं पळतोयस, दमानं घे." त्या दिवसापासून बोलणं बंद, आणि छापायला निघालेल्या त्या पहिल्या कॅसेटच्या कव्हरवरून आबांचं नावही गायब.

"मामा, वाजवा काहीतरी, कोणाला कळतंय?" मी म्हणालो.

"कळत न्हाई म्हणून खोटं वाजवू व्हय रं?" मामा उखडले. 'सर्व काही' छापताना ही अक्कल कुठे गेली होती, हे मी विचारलं नाही. गाडी काढली आणि त्यांना निमोण्याला नेलं.

आबा दारात बसले होते. लकव्याचा झटका येऊन त्यांचा उजवा हात गेला होता. माफी मागणं मामांच्या रक्तात नाही. ते उभ्यानंच म्हणाले, "लोकं तुझी ढोलकी मागत्यात."

"मग वाजव की."

"मला येत न्हाई."

हे वाक्य मामांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आबा हसले. "पेटी आजून फुडंच पळती का?"

आता जुंपणार, म्हणून मी चप्पल घालून तयार झालो. मामा खाली बसले आणि म्हणाले, "व्हय, पळती."

सत्काराला मामांनी आबांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि माइकवर सांगितलं, "ढोलकीवाला ह्यो हाय." रेकॉर्ड लागली. आबांचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता, आणि मामा नुसते त्या हाताकडे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर पोरांनी उत्साहानं विचारलं, "सर, आता बाकीच्या कॅसेटी काढायच्या ना?"

"नका काढू," मामा म्हणाले. "त्यात समदं मीच हाय."