विहिरीवरच्या बाईचं नाव

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि दूध सोसायटीनं कड्याच्या अलीकडच्या माळावर जनावरांची छावणी लावली. दिवसभर धूळ तरंगायची. तिच्यात गायींच्या घंटा विरघळायच्या. बघता बघता माणूस जागेपणीच झोपेत शिरल्यासारखा व्हायचा.

छावणीच्या तोंडाशी बाभळीखाली चार रांजण होते. तिथं मनकर्णाबाई पाणी पाजायची. संध्याकाळी टँकर रिकामा होऊन गेला की तिच्याभोवती माणसं जमायची आणि ती येशूच्या गोष्टी सांगायची. तिच्या आज्यानं हा धर्म धरला होता. तिनं तो कधी झाकला नाही, कुणावर लादलाही नाही. छावणीतला सिदू पिऊन झोकांड्या देत आला तरी त्याला ती सरकून जागा करून द्यायची. तोंड बघून सांगायचं नाही, हा तिचा नेम. त्याचा तिला थोडा तोराही होता.

एका दुपारी अर्जुनराव दोन गायी घेऊन आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळावर गंध, बोटात अंगठी. गायी बांधून तो रांजणापाशी येऊन उभा राहिला. मनकर्णाबाईनं तांब्या उचलला. त्याच्याकडं पाहिलं. तांब्या परत ठेवून ती चार पावलं मागं सरली, आणि चारा वाटणाऱ्या कारभारी नावाच्या गड्याला हाक मारून म्हणाली, पाटलांना पाणी दे. कारभारी पेंढ्या टाकून येईपर्यंत अर्जुनराव गेला होता.

पुढचे तीन दिवस तो संध्याकाळी गायींपाशी बसायचा, गोष्टीकडं पाठ करून. तिनं त्याला बोलावलं नाही.

चौथ्या दिवशी गायींची जागा मोकळी दिसली. अर्जुनराव गायी विकायला बाजारच्या वाटेला लागला, असं कारभारीनं सांगितलं. मग म्हणाला, "मावशे, तू त्यांना पाणी कावून दिलं न्हाईस?"

"मोठ्या घरचा माणूस. माझ्या हातचं पील व्हय?"

"चैतात त्यांची मालकीण, केसरबाई, गेली. गायी तिच्याच. तुझी गोष्ट आयकायलाच बसायचे ते. काल मला इचारलं, ती बाई समद्यांना बोलावती, मलाच कावून न्हाई?"

मनकर्णाबाई उठली. कळशी भरली, काखेत घेतली आणि चालू लागली.

उन्हात वाट हलत होती. लांबवरची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी वाटत होती, जवळ गेलं की पाणी सरकायचं. कोरड्या ओढ्याच्या काठी, लिंबाखाली अर्जुनराव बसला होता. गायी शेजारी उभ्या.

"पाटील, माझं चुकलं," ती म्हणाली. "ओंजळ धरा."

त्यानं ओंजळ धरली. तो खूप वेळ प्यायला. कोपरावरून ओघळलेलं पाणी जिथं पडलं, ती माती एका गायीनं चाटली.

मग मनकर्णाबाई खाली बसली आणि सांगू लागली. भर दुपार होती. प्रभू चालून दमला होता, विहिरीवर बसला होता. एक बाई पाणी भरायला आली. तिच्या लोकांच्या हातचं त्याचे लोक पीत नसत. त्यानं तिच्याकडंच पाणी मागितलं.

इथं ती थांबली. ही गोष्ट तिनं शंभरदा सांगितली होती. दर वेळी ती बाई म्हणजे आपणच, असं तिला वाटायचं. पण त्या बाईनं काही तांब्या खाली ठेवला नव्हता.

अर्जुनराव वाट बघत होता. मग त्यानं विचारलं, "नाव काय तिचं?"

"लिव्हलं न्हाई कुणी."

त्यानं गायींकडं पाहिलं. त्यांच्याकडं बघतच म्हणाला, "मग केसर म्हणून सांगत जा."

त्यानं दावी हातात घेतली. गायींनी आपणहून छावणीकडं तोंड केलं, आणि त्यानं त्यांना वळवलं नाही.

संध्याकाळी बाभळीखाली माणसं जमली. सिदूनं सरकून जागा दिली, तिथं पांढरे कपडे धुळीत टेकवून अर्जुनराव बसला, गोष्टीकडं तोंड करून. मनकर्णाबाईनं तांब्या झाकला आणि सुरुवात केली, "केसर नावाची एक बाई होती."